क्योटोत जेवायचं कुठे, ते वसुधाताईंना विचारा

डब्लिनमधल्या मराठी माणसाने जपानचं तिकीट काढलं की त्याला कुणीतरी हमखास सांगायचं, "क्योटोला जाणार असलास तर आधी वसुधाताईंकडे जाऊन ये." सांगणारा स्वतः जपानला गेलेला नसायचा. कित्येकदा तो वसुधाताईंना भेटलेलाही नसायचा. पण कढीपत्ता कुठे ताजा मिळतो, दात दाखवायला कुणाकडे जायचं, तसंच हेही सगळ्यांना ठाऊक होतं. क्योटोत बघायचं काय, ते जगात कुठेही कळतं. तिथे जेवायचं कुठे, ते डब्लिनच्या टॅला या उपनगरात कळायचं.

मी टॅलात त्यांच्याच वसाहतीत, चार घरं सोडून राहायला आले आणि नोकरी सँडीफोर्डला असल्यामुळे रोज उलट्या दिशेला जाण्याचा मूर्खपणा करत राहिले. या मूर्खपणाचा एकच फायदा झाला, तो म्हणजे वसुधाताई. मूळच्या सांगलीच्या, अंगाने किरकोळ, आवाजाने मात्र दणकट. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये त्या दिवसभर रक्ताचे नमुने तपासायच्या आणि घरी आल्या की माणसं तपासायच्या. हे मी माझ्या नागपुरी तिखट जिभेने म्हणतेय असं समजू नका. त्या स्वतःच तसं सांगायच्या.

त्यांच्याकडे जाऊन "ताई, जरा चांगल्या हॉटेलांची यादी द्या ना" म्हटलं की काम बिघडलंच म्हणून समजा.

"यादी वाण्याची असते," त्या म्हणायच्या. "बैस आधी."

मग चौकशी सुरू. सकाळी उठल्याउठल्या भूक लागते की चहा लागतो? आमटीत गूळ घालता का? पानातला नावडता पदार्थ आधी संपवून टाकता की शेवटपर्यंत कडेला ढकलत राहता? एका आयटीवाल्याला त्यांनी विचारलं, "उकडलेला बटाटा नुसता खाशील का रे? मीठसुद्धा न लावता?"

"छे, नुसता कोण खाईल?" तो म्हणाला.

"मग तोफूच्या, त्या सोयाबीनच्या पनीरच्या वाटेला जाऊ नकोस. तुला आवडणार नाही, आणि परत येऊन तू त्या बिचाऱ्या गावाची बदनामी करशील."

एवढं झाल्यावर त्या पत्ता सांगायच्या, आणि तोही दुकानाच्या नावाशिवाय. नाव विचारलं तर म्हणायच्या, "पाटी वाचता येणार आहे का तुला?" मग डोळे किंचित मिटून सांगायला लागायच्या. नदी उजव्या हाताला ठेवून चालत राहायचं. दुसऱ्या पुलापाशी सायकली दुरुस्त करणाऱ्याचं दुकान लागेल, त्याच्या मागची बोळ. बोळीत एका दारावर निळा पडदा. पडदा बाहेर टांगलेला असेल तर दुकान चालू, आत घेतलेला असेल तर मुकाट्याने परत फिरायचं, दार वाजवायचं नाही. आत गेल्यावर उदोन मागायचं. उदोन म्हणजे गव्हाच्या जाड शेवया, पातळ रश्श्यातल्या. क्योटोतल्या शेवया मऊ असतात, दातांना काम नसतं, ते काम जिभेने करायचं. हे सगळं त्या अशा सांगायच्या की टॅलातल्या त्या स्वयंपाकघरात बसल्याबसल्या आपल्याला बोळीतला ओलावा जाणवायचा.

त्यांचे काही ठाम नियम होते. बाहेर रांग दिसली की पुढे चालायचं, रांगेत चव नसते. मेनूवर फोटो असतील तर ते दुकान भुकेल्यांचं, खाणाऱ्यांचं नव्हे. आणि ज्या दुकानाचा म्हातारा मालक आपल्याला आत येताना बघून थोडासा वैतागतो, तिथे निःशंक बसावं. हा शेवटचा नियम ऐकून मी म्हटलं होतं, "ताई, हा तर पुण्यातला नियम झाला." त्या म्हणाल्या, "म्हणून तर पुणेकरांना क्योटो लगेच जमतं. तुम्हा नागपूरच्यांना सगळीकडे आग्रह लागतो."

या सगळ्याची फी एकच. परत आल्यावर त्यांच्या घरी जाऊन, स्वयंपाकघरातल्या खिडकीजवळच्या खुर्चीवर बसून, काय खाल्लं आणि ते कसं लागलं हे सविस्तर सांगायचं. फोटो दाखवायला बंदी. कुणी मोबाईल पुढे केला की त्या तो पालथा घालून ठेवायच्या. "छान", "मस्त", "भारी" या शब्दांनाही बंदी. "छान ही चव नाही, शेरा आहे," त्या म्हणायच्या. "शेरे मला नकोत. आधी काय लागलं? मग काय लागलं? गिळल्यावर काय उरलं?"

या परीक्षेत सगळ्यांत वरचा नंबर आमच्या शेजारच्या डेक्लनचा आला. डेक्लन म्हणजे जन्मभर डब्लिनची बस चालवून निवृत्त झालेला अस्सल टॅलाकर. निवृत्तीनंतर बायकोला घेऊन जपानला जाऊन आला. अर्थात वसुधाताईंच्या सांगण्याप्रमाणे खाऊन आला. परत आल्यावर खुर्चीवर बसला, पाय पसरले आणि म्हणाला, "इट वॉज ग्रँड, वसू."

"ग्रँड कसं?" वसुधाताई खिडकीकडे बोट दाखवून म्हणाल्या. बाहेर पाऊस आडवा लागत होता. "सकाळी तू या हवेलापण ग्रँडच म्हणालास."

डेक्लन हसला, मग गंभीर झाला. त्याने युबा खाल्लं होतं. सोयाबीनचं दूध तापवून वर जी साय धरते ती काडीने अलगद उचलून देतात, ते युबा. "युअर मॅनने ते माझ्यासमोर उचललं आणि तसंच वाटीत ठेवलं," तो म्हणाला. युअर मॅन म्हणजे काउंटरपलीकडचा तो माणूस. आयर्लंडमध्ये कुणाही परक्या पुरुषाला असंच म्हणतात. मग डेक्लन शब्द शोधत राहिला. वसुधाताईंनी त्याला अजिबात घाई केली नाही. शेवटी तो म्हणाला, "हिवाळ्यात सकाळी हॉट प्रेस उघडून टॉवेलांत तोंड घातलं ना, की कसं वाटतं? तसं. त्यात थोडं दूध."

हॉट प्रेस म्हणजे इथल्या घरांतलं गरम पाण्याच्या टाकीचं कपाट. टॉवेल-चादरी त्यात ऊब धरून बसलेल्या असतात. वसुधाताईंनी डोळे मिटले, दोनदा मान हलवली, आणि उठून लिंबाच्या लोणच्याची अख्खी बरणी डेक्लनच्या हातात ठेवली. ही बरणी आम्हा मराठी लोकांपैकी कुणालाही कधी मिळाली नव्हती. त्यानंतर डेक्लनची कॉलर जी ताठ झाली ती झालीच.

वसुधाताईंच्या घरी शनिवारी जावं, कारण त्या दिवशी त्या स्वतः उदोन करायच्या. उदोनचं पीठ हाताने मळून भागत नाही, इतकं घट्ट असतं. ते जाड पिशवीत घालून पायाने तुडवावं लागतं. जपानात घरोघरी तसंच करत आले आहेत. पण आमच्या वसुधाताई सांगलीच्या, अन्नाला पाय लावायचा म्हणजे केवढं पाप. त्यावर त्यांनी तोडगा काढला होता. पिशवी जमिनीवर ठेवायची, वाकून तिला नमस्कार करायचा, "अन्नपूर्णे, माफ कर" म्हणायचं, आणि मग धुतलेले मोजे घालून त्यावर चढायचं. एका हाताने ओट्याची कड धरून त्या संथपणे तुडवत राहायच्या आणि तुडवतातुडवता हॉस्पिटलातल्या गप्पा सांगायच्या. पीठ घडी घालून परत ठेवलं की परत नमस्कार. हा नमस्कार त्यांनी कधी गाळला नाही. मला तो फार आवडायचा. आपल्याला हवं ते करावं आणि ज्याचं मन दुखेल त्याची आधी माफी मागून टाकावी, हा त्यांचा सगळीकडचाच खाक्या होता.

या खाक्याला एकदाच मी आक्षेप घेतला, आणि त्यातूनच मला खरी गोष्ट कळली.

झालं असं, की आमच्या ओळखीचा निनाद जोशी चिंचवडहून आलेल्या आपल्या आईला घेऊन जपानला गेला. जोशीकाकू कडक शाकाहारी. चातुर्मासात कांदा-लसूणही बंद. वसुधाताईंनी त्यांच्यासाठी वेगळा मार्ग आखून दिला होता, देवळांतल्या बिनमाशाच्या जेवणाचा. तिथे म्हणायचं एक जपानी वाक्यही निनादकडून घोकून घेतलं होतं. पण निनाद हुशार. हुशार माणसाला घोकलेलं आठवत नाही. त्याने निळ्या पडद्याचं दुकान शोधलं, आत जाऊन मोबाईलवरून "नो फिश, नो मीट" असं सांगितलं. दुकानदारीण बिचारी सज्जन. तिने वाडग्यातला मासा काढून टाकला आणि उरलेलं प्रेमाने पुढे ठेवलं.

"काय सांगू वसुधाताई," परत आल्यावर काकू खिडकीजवळच्या खुर्चीवर बसून सांगत होत्या, "इतका सात्त्विक रस्सा. आपल्या आमसुलाच्या साराच्याही वर एक पायरी. मी तर मागून घेऊन प्यायले. हलकं हलकं वाटलं नुसतं."

वसुधाताईंनी विचारलं, "रंग कसा होता?"

"फिक्का. चहाला दुसऱ्यांदा पाणी घातल्यासारखा. आणि किंचित धुरकट वास. कशाची कृती असते हो त्याची?"

वसुधाताई क्षणभर थांबल्या. मग म्हणाल्या, "मी करते तशी सांगते. समुद्रातल्या पाल्याची वाळलेली पट्टी मिळते, ती रात्रभर पाण्यात टाकायची. सोबत सुकवलेली अळंबी." काकूंनी मन लावून ऐकलं. चिंचवडला गेल्यावर त्यांनी तसा रस्सा केला आणि अगदी तसाच झाला म्हणून फोन केला.

त्या दिवशी काकू उठून गेल्यावर मी विचारलं, "ताई, तुम्ही असं थांबलात का मध्येच?"

"तो रस्सा माशाचा असतो," त्या शांतपणे म्हणाल्या. "मासा सुकवून, धुरावून, त्याचे पापुद्रे काढतात आणि उकळत्या पाण्यात टाकून गाळून घेतात. वरचा तुकडा काढला म्हणून काय होतंय?"

"आणि तुम्ही त्यांना सांगितलं नाहीत?"

"त्यांनी विचारलं असतं तर सांगितलं असतं. न विचारलेल्याचं उत्तर द्यायला मी काय कोर्टात उभी आहे? त्यांना हलकं वाटलं. आता ते जड कशाला करू?"

मला हे पटलं नाही, अजूनही पटत नाही. मी तसं म्हटलंही. त्यांनी ऐकून घेतलं आणि चहा ओतला. मी आपलं भांडण सुरू ठेवायचं म्हणून म्हटलं, "तुमच्याही बाबतीत असंच झालं असेल. तुम्हीही शाकाहारी. पहिल्यांदा नकळत प्यायला असालच."

"नाही गं. क्योटोत राहायला गेल्यागेल्या पहिल्याच आठवड्यात शेजारीण रस्सा शिकवायला घरी आली. तिने पिशवीतून ते पापुद्रे काढले आणि मला कळलं. तेव्हापासून मी बाहेर काही खाल्लंच नाही."

"काहीच म्हणजे?"

"चहा घ्यायचे. फळं खायचे."

मी कप खाली ठेवला. "आणि ते निळ्या पडद्याचं दुकान?"

"तिथे हे जायचे. दर शुक्रवारी, त्यांच्या लॅबच्या लोकांबरोबर."

"आणि तुम्ही सगळ्यांना सांगता ते लोणच्यांच्या बोळीतलं?"

"तेही हेच."

"ताई, तुम्ही एवढ्या लोकांना जिथे जिथे पाठवता, त्यातल्या एकाही ठिकाणी जेवला नाहीत?"

"एकाही नाही," त्या म्हणाल्या. आवाजात ना संकोच, ना पश्चात्ताप.

मला आधी हसू आलं. अख्ख्या डब्लिनला क्योटोत जेवू घालणारी ही बाई तिथे घोटभर रस्साही प्यायली नव्हती. मग त्यांनी सगळं सांगितलं, आणि हसू ओसरलं. त्यांचे यजमान, माधवराव, क्योटोत मातीच्या भांड्यांच्या झिलईवर संशोधन करायचे. त्यांना मी पाहिलेलं नाही. मी टॅलात येण्याआधी दोन-तीन वर्षं ते अचानक गेले. दोघंही शाकाहारी घरातले. माधवरावांना तिथे बरोबरच्यांसारखं सगळं खावंसं वाटत असणार, पण बायको घरी कुढत बसलीय म्हणून तेही बाहेर जाईनात. शेवटी वसुधाताईंनीच त्यांना दटावलं, "मी खात नाही हा माझा प्रश्न. माझ्यापायी तुम्ही उपाशी राहिलात तर मला चालणार नाही. जा, चार माणसांत बसा, खा, आणि येऊन मला सांगा."

तेव्हापासून दर शुक्रवारी माधवराव जेवून यायचे, बूट काढून बसायचे आणि सांगायला लागायचे. "सांगायचे म्हणजे काय सांगायचे," वसुधाताई म्हणाल्या. "माझ्या तोंडाला चव यायची. त्या पोरवयात मला परक्या गावात रडू यायचं, ते शुक्रवारी यायचं नाही." शनिवारी त्या ऐकलेला पदार्थ बिनमाशाचा करून बघायच्या आणि माधवराव चाखून सांगायचे, आज आठ आणे जमलं, आज बारा आणे. सोळा आणे ते कधी म्हणाले नाहीत.

माझं भांडण तिथेच संपलं. शुक्रवारची ती संध्याकाळ त्यांना परत हवी असायची. मग सांगायला डेक्लन येवो, नाहीतर जोशीकाकू.

त्यांची मुलगी ऋता आयर्लंडच्या पश्चिमेला, एनिसच्या हॉस्पिटलात डॉक्टर होती. लहानपणीच आयर्लंडला आलेली, त्यामुळे मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र थेट आयरिश इंग्रजीत. ती दर सुट्टीत आईच्या मागे लागायची. "आई, लेट्स जस्ट गो. यू विल बी ग्रँड." वसुधाताई विषय बदलायच्या. मला मात्र त्यांनी एकदा पीठ तुडवताना खरं कारण सांगितलं.

"ह्यांनी सांगितलेलं क्योटो माझ्याकडे आहे, मीनल. तेवढंच आहे. उद्या मी गेले आणि तिथे तसं काही नसलं तर? दुकान कळकट निघालं, सगळं आपलं साधंच निघालं, तर मग मी काय करू? हे गेले ते गेले. आता हे पण जायला नको."

एवढ्या धीट बाईला मी घाबरलेलं पाहिलं ते तेवढंच.

आणि मग निनादच बातमी घेऊन आला. कामानिमित्त तो परत क्योटोला गेला होता. निळ्या पडद्याची म्हातारी मालकीण थकली होती. चेरीचा बहर सरला की पडदा कायमचा आत घेणार असं तिने त्याला खुणांनी सांगितलं. वसुधाताईंनी त्याला काय खाल्लंस तेसुद्धा विचारलं नाही. त्या शनिवारी उदोन झालं नाही, पुढच्याही नाही. मी बेल वाजवली तर दारातूनच, "आज जरा डोकं दुखतंय." हॉस्पिटलला जायच्या, यायच्या, कुणाशी धड बोलायच्या नाहीत. मग एका सकाळी बसस्टॉपवर मला गाठलं आणि म्हणाल्या, "ऋताला सांगितलंय, तिकीट काढ. एकच."

"एकटीच जाणार?"

"बरोबर कुणी असलं की मला त्यांच्यासाठी बरं वाटून घ्यावं लागेल. ते मला जमायचं नाही."

परत आल्या त्याच दिवशी त्यांनी मला बोलावलं. गेले तर खिडकीजवळच्या खुर्चीवर त्या स्वतः बसल्या होत्या. मला त्यांनी आपल्या नेहमीच्या स्टुलावर बसायला सांगितलं. मी मुकाट्याने बसले.

"पडदा बाहेर होता," त्यांनी सुरुवात केली. "आत गेले. ह्यांनी सांगितलं होतं तसंच सगळं. लाकडी काउंटर, मोजकी माणसं, डाव्या हाताला मांजराचं चित्र. मी बसले. म्हातारी आली, तर मी तिला ह्यांचा फोटो दाखवला. ती बघतच राहिली. मग म्हणाली, तोफूसान. आपण दादासाहेब, नानासाहेब म्हणतो ना, तसं हे तोफूसान. मी म्हटलं, नाही आजी, हे माझे यजमान. ती म्हणाली, हो, तेच. तोफूसान. दर शुक्रवारी यायचा. भात, सलगमचं लोणचं आणि नुसत्या गरम पाण्यातलं तोफू, मीठसुद्धा न लावता. दुसरं त्याने कधी काही घेतलं नाही."

मी स्टूल पुढे सरकवलं.

"मी तिला म्हटलं, आजी, तुमचा काहीतरी घोटाळा होतोय. हे सगळं खायचे. घरी येऊन मला सांगायचे. तर ती मान हलवून म्हणाली, खायचा नाही. विचारायचा. शेजारी बसेल त्याला विचारायचा, कसं लागतंय? आधी काय लागतं? मग काय? सुरुवातीला लोक वैतागायचे. मग त्यांनाच गोडी लागली. शुक्रवारी काहीजण मुद्दाम यायचे, त्याला सांगायला. आम्हाला वाटायचं हा पुस्तक लिहितोय."

"पण ते खायचे का नाहीत?" मी विचारलं. "तुम्हीच तर सांगितलं होतं, खा म्हणून."

"मी खात नव्हते ना," त्या म्हणाल्या. "शुक्रवारी घरी आल्यावर हा माणूस वर चार पोळ्या खायचा. मी म्हणायचे, बाहेर जेवून आलात ना? पोट आहे की पोतं? तर म्हणायचे, तुझ्या हातची पोळी वेगळी. आणि मी बाई, फुलून जायचे. इतका राग आला मला तिथे त्यांचा. वाटलं, समोर असते तर खांद्याला धरून हलवलं असतं."

"मग?"

"मग पलीकडे एक टोपी घातलेला म्हातारा बसला होता. आमचं बोलणं ऐकत खायचा थांबला होता. त्याने विचारलं, तो घरी येऊन काय सांगायचा तुला? ह्यांचं एक वाक्य मला फार आवडायचं, ते मी सांगितलं. हा रस्सा आधी काहीच बोलत नाही. तिसऱ्या घोटाला कळतं, हा मघापासून बोलत होता. एवढं ऐकून म्हाताऱ्याने हातातल्या काड्या खाली ठेवल्या. म्हणाला, हे माझं वाक्य आहे."

माझे डोळे भरून आले होते आणि ते पुसायचं मला सुचलं नाही.

"मी रडले गं. भर दुकानात, परक्या माणसांसमोर. ती म्हातारी पंचा घेऊन माझ्या बाजूला उभी. मग जुन्या गिऱ्हाइकांपैकी जो तो आपलं सांगायला लागला. मी त्याला खारवलेल्या माशाचं सांगायचो. मी त्याला पांढऱ्या मिसोच्या साराचं सांगायचे. अर्धं वाक्य ते बोलायचे, उरलेलं मी पुरं करायचे. मला पाठ होतं सगळं. माझं क्योटो जसंच्या तसं तिथे बसलेलं होतं, मीनल, काउंटरवर. मी उगाच घाबरत होते."

"आणि तुम्ही काय खाल्लंत?"

"भात, लोणचं, तोफू."

"कसं लागलं?" मी विचारलं. आणि छान म्हणायचं नाही, हे त्यांना सांगायची गरज नव्हती.

त्यांनी बराच विचार केला. "अळणी," त्या म्हणाल्या. "अगदी अळणी. इतकी वर्षं हा माणूस हे असलं खाऊन घरी यायचा, आणि मला ते तसलं सांगायचा." आणि त्या हसायला लागल्या. असं मोकळं, पोट धरून हसताना मी त्यांना त्याआधी पाहिलं नव्हतं.

निळा पडदा ठरल्याप्रमाणे बहर सरल्यावर आत गेला. वसुधाताईंना त्याचं फारसं दुःख झालेलं दिसलं नाही. लोक अजूनही विचारायला यायचे, त्या आपल्या पद्धतीने त्यांना तपासायच्या, पत्ते सांगायच्या. नदी, पूल, सायकलवाला, आणि मग, "तिथे आता काही नाही. त्याच्या पुढच्या बोळीत बघ. मलाही माहीत नाही तिथे काय आहे." हे शेवटचं वाक्य त्या मोठ्या खुशीत म्हणायच्या. शरद ऋतूत हॉस्पिटलातून निवृत्त झाल्या आणि ऋताजवळ राहायला एनिसला जायचं ठरलं. डेक्लनने त्यांचं सामान बांधून दिलं आणि बांधताना एकदाही ग्रँड म्हणाला नाही.

मी त्यांना ट्रामने ह्यूस्टन स्टेशनपर्यंत सोडायला गेले. लिमरिकला गाडी बदलायची होती. त्यांनी मला मिठी वगैरे मारली नाही. "येत जा एनिसला. येताना उपाशी ये," एवढंच म्हणाल्या आणि डब्यात चढल्या. मी फलाटावरून त्यांची खिडकी शोधली. त्यांनी तोवर टेबलावर जेवणाचा डबा उघडला होता. गाडी हलण्याआधीच. मी हात हलवला, पण त्यांचं लक्ष नव्हतं. समोर बसलेली एक आयरिश बाई डब्याकडे बघून हसली आणि तिने त्यांना काहीतरी विचारलं. वसुधाताईंच्या तोंडात घास होता. त्यांनी एक बोट वर करून तिला थांबवलं, डोळे मिटले, आणि तो घास अगदी सावकाश, शेवटपर्यंत खाल्ला. मग त्यांनी डोळे उघडले, डबा त्या बाईपुढे सरकवला आणि बोलायला लागल्या. गाडी निघाली तेव्हा त्या बोलतच होत्या.